कॅम्पचा पत्ता आणि इंटरनेटचा कारभार

बेळगावच्या कॅम्प भागाचा नागरी कारभार छावणी मंडळ पाहते. मंडळाच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. ही नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, तर ‘डॉट इन’ची ‘निक्सी’कडे आहे. जगभरच्या अशा नावांच्या मूळ यादीचा समन्वय ‘आयकॅन’ ही संस्था करते.

आयकॅनच्या या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आली. आता ती सरकारे, उद्योग, तंत्रज्ञ व नागरी संस्था यांच्या सामायिक व्यवस्थेकडे आहे. भारतासह विविध देशांची सरकारे शासकीय सल्लागार समितीतून आपली भूमिका मांडतात.

त्यापूर्वीच, २७ ऑगस्ट २०१४ रोजी, मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले होते. मात्र सरकारी ऑनलाइन अर्जाने देवनागरी ई-मेल पत्ता नाकारल्यास ही सोय कागदावरच राहते. नवी प्रणाली सर्व लिपींतील पत्ते स्वीकारेल, ही अट निविदेतच घालणे प्रशासनाच्या हाती आहे. मराठी परिपत्रकांची मागणी दीर्घकाळ होत असलेल्या बेळगावात हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.