चंक्रमण : अध्ययन आणि मोकळ्या जागेतील ध्यान

ताणाने त्रस्त झालेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी झाडांखाली अथवा मैदानावर ध्यानाची शिबिरे भरवण्याची प्रथा अलीकडची समजली जात असली, तरी तिच्यामागील विचार प्राचीन बौद्ध संघाच्या व्यवस्थेत स्पष्टपणे आढळतो. आखलेल्या सरळ वाटेवर संथ येरझारा घालीत चित्त एकाग्र ठेवण्याच्या साधनेला तेथे 'चंक्रमण' म्हणत, आणि ज्या वाटेवर ती साधना चाले तिला 'चंक्रम' ही संज्ञा होती.

या साधनेचा उगम पालि विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, शरीराच्या एका तक्रारीशी जोडलेला आहे. वैशालीत मिष्टान्नाच्या भोजनांमुळे भिक्षू आजारी पडू लागले, तेव्हा तेथे आलेल्या जीवक या वैद्याने चंक्रम आणि स्वेदनासाठी उष्णगृह अशा दोन गोष्टी सुचवल्या व बुद्धाने त्यांस अनुमती दिली, असे त्यातील चुल्लवग्ग या भागात सांगितले आहे. उंचसखल जमिनीवर पाय दुखू लागल्याने वाट सपाट करण्याची, पुढे तिला विटांचा, दगडांचा अथवा लाकडाचा चौथरा व कठडा करण्याची, आणि ऊन-थंडीच्या त्रासामुळे छप्पर घालण्याचीही मुभा मिळत गेली. अंगुत्तरनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात चंक्रमणाचे ५ लाभ दिले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि चालताना लाभलेल्या समाधीचे दीर्घकाळ टिकणे.

मात्र अतिरेकी प्रयत्नाने हीच साधना घातक ठरते, याची जाणीवही या परंपरेला होती. सुखात वाढलेला सोण कोळिविस हा तरुण भिक्षू राजगृहाजवळ चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत थांबला नाही आणि तरीही फळ न मिळाल्याने संघ सोडण्याच्या विचारापर्यंत आला; तेव्हा तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे याची आठवण देऊन बुद्धाने त्याला समजावले की, अति ताणलेल्या तारेतून सूर निघत नाही आणि अति सैल तारेतूनही निघत नाही.

पाचव्या शतकात बुद्धघोष या पालि भाष्यकाराने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात साधकाच्या स्वभावानुसार जागा निवडण्याचे शास्त्र मांडले. ज्याचे चित्त गोंधळलेले असते त्या 'मोहचरित' साधकाने कोंदट जागी बसू नये, कारण तेथे चित्त अधिकच भांबावते; त्याला चारही दिशा दिसतील असे मोकळे स्थान आणि चालण्याची साधना मानवते, असे तो सांगतो. या ग्रंथाच्या संपादनात मोलाची भर घालणारे गोमंतकीय पंडित धर्मानंद कोसंबी यांनी 'समाधिमार्ग' लिहून ध्यानाचा हा विषय मराठी वाचकांच्या आवाक्यात आणला, ही महाराष्ट्राने विसरू नये अशी गोष्ट आहे.

अध्ययन आणि चंक्रमण यांचा मेळ नालंदेच्या महाविहारात दिसतो. येथे वादसभेत सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांना प्रवेशद्वारावरील पंडिताच्या, म्हणजे द्वारपंडिताच्या, कठीण प्रश्नांना सामोरे जावे लागे आणि १० पैकी ७-८ जण माघारी फिरत, असे ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने नोंदवले आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सुमारे १० वर्षे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूच्या वृत्तांतात मात्र अध्ययनाइतकीच शरीराची निगाही महत्त्वाची ठरते : विहाराजवळच्या १० हून अधिक तलावांत सकाळी घंटा वाजताच भिक्षू स्नानास जात, आणि भारतात भिक्षू व गृहस्थ दोघेही गोंगाट टाळून ठरलेल्या वेळी येरझारा घालीत. रोगनिवारण व अन्नपचन हे चालण्याचे दोन लाभ त्याने नमूद केले असून, बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थळांवरील विटांचे चंक्रमही त्याने वर्णिले आहेत; त्यांची रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे २ हात आणि लांबी १४-१५ हात होती.

या इतिहासातून एक निष्कर्ष निश्चितपणे निघतो. मोकळ्या जागेतील ध्यान हे अध्ययनातून काढलेली पळवाट नव्हते, तर अध्ययन टिकावे म्हणून संस्थेने नियमात बसवलेली, जागा राखून व वीट रचून उभी केलेली सोय होती. म्हणून वर्षातून एखादे शिबिर भरवून थांबण्यापेक्षा प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारात सावलीची, शांत आणि सर्वांना खुली अशी एक वाट कायमची राखून ठेवावी, आणि तिच्यावर चालण्यास विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात स्थान द्यावे.