भजनाची वही : वर्धा जिल्ह्यांतील श्रोत्यांचें एक दप्तर

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या घरीं बहुधा तीन प्रकारचीं हस्तलिखितें येतात : सुट्या पत्रांची पोथी, पत्रव्यवहाराचा रुमाल आणि वरच्या अंगास शिवलेलें बाड. पोथीस मान मिळतो, रुमालास अभ्यासक मिळतो. बाड मात्र माळ्यावर पडून राहतें. त्यास एक कर्ता नसतो, आदि-अंत नसतो आणि शेवटीं पुष्पिकाहि नसते. एका पानावर नामदेवाचा अभंग, दुसऱ्यावर पोवाडा, तिसऱ्यावर आरती आणि चौथ्यावर विंचवाच्या दंशावरील औषध, अशी त्याची मांडणी. या उपेक्षित वर्गांतील सर्वांत अलीकडचा, आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित, प्रकार म्हणजे भजनाची वही. प्रस्तुत लेखांत वर्धा जिल्ह्यापुरता तिचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम बाड व वही यांतील भेद सांगणें अवश्य आहे. कीर्तनकाराचें बाड हें त्याच्या व्यवसायाचें साधन होय. उद्यां कोणतें आख्यान लावावयाचें, त्यास दृष्टांत कोणता, मध्यंतरीं पद कोणतें, या सोयीनें तें लिहिलेलें असतें. भजनाची वही ही श्रोत्याची. ज्यास स्वतः गातां येतेंच असें नाहीं, परंतु ऐकलेलें विसरवत नाहीं, अशानें ती लिहिलेली असते. आवडलें तें उतरून घ्यावें, मित्रास द्यावें, त्याच्या वहींतलें आपण घ्यावें, आणि कोठें व कोणाच्या मुखानें ऐकलें तें कडेस टिपून ठेवावें, हा तिचा सर्व व्यवहार.

हा व्यवहार ग्राम्य समजण्याचें कारण नाहीं. हालाची गाथासप्तशती ही कोटि गाथांतून वेंचलेल्या सातशे गाथांची निवड होय, असें त्या ग्रंथांतच म्हटलेलें आहे. यादव राजा कृष्ण याच्या पदरीं असलेल्या जल्हणाच्या नांवानें इ. स. १२५८ च्या सुमारास सूक्तिमुक्तावली सिद्ध झाली. शार्ङ्गधरपद्धति इ. स. १३६३ मधील. ज्यांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले अशा कित्येक कवींचीं नांवें व श्लोक आज केवळ अशा सुभाषितसंग्रहांमुळें उरले आहेत. संग्राहक हा कवि नव्हे, रसिक होय. परंतु रसिकानें जपलें म्हणून कवि उरला. जल्हणास आपण हा मान देतों. मग आर्वी-हिंगणघाटकडील एखाद्या शेतकऱ्यानें शाळेच्या वहींत तेंच कार्य केलें, तर तिची रद्दी कां व्हावी?

छापखान्याच्या काळांत आपल्याकडे संपादनाचें फार मोठें कार्य झालें. देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखितें मिळवून तुकारामबोवांची गाथा १८६९ ते १८७३ या काळांत सरकारी साहाय्यानें छापली गेली. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं गोंधळ्यांकडून जमविलेले पोवाडे १८९१ सालीं प्रसिद्ध केले. या कार्यास उणें लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्यांतून एक संवय आपल्या अंगीं जडली. गीत तेवढें घ्यावें, तें कवीच्या नांवाखालीं लावावें, आणि ज्या कागदावरून घेतलें तो कागद संपला असें समजावें, ही ती संवय. ती किती घातक आहे हें आम्ही पुढें स्वतःच्याच उदाहरणानें दाखविणार आहों.

वर्धा जिल्हा नागपूरपासून १८६२ सालीं वेगळा झाला व वर्धा शहर १८६६ सालीं वसलें. जिल्हा म्हणून त्याचें वय लहान. तथापि येथील भजनाचें क्षेत्र जिल्ह्याच्या सीमा पाळीत नाहीं. बोर नदीच्या कांठचें घोराड हें केजाजी महाराजांचें स्थान. आर्वी तालुक्यांतील टाकरखेड हें लहानुजी महाराजांचें. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि त्यांच्या खंजिरीच्या भजनानें अलीकडचीं खेडीं भारून गेलीं. गांवोगांव भजनी मंडळें झालीं. मंडळ आलें म्हणजे वही आलीच.

अशा वह्यांवर साल क्वचित् असतें. तथापि जाणत्यास काळ ठरविण्याचीं साधनें त्यांतच सांपडतात. वर्ध्याजवळचें सेगांव हें नांव १९४० सालीं बदलून सेवाग्राम झालें, कारण गजानन महाराजांच्या शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जात असे. तेव्हां ज्या टिपणांत 'सेगांव' आहे तें सामान्यतः त्यापूर्वींचें धरावें; मात्र जुन्या माणसाच्या लेखणींत जुनें नांव पुष्कळ दिवस टिकतें हेंहि विसरूं नये. तुकडोजी महाराजांच्या नांवामागें 'राष्ट्रसंत' आढळल्यास तें टिपण स्वातंत्र्योत्तर काळांतलें. 'नागपूर रेडिओवर ऐकलें' असें असल्यास तें जुलै १९४८ नंतरचें, कारण नागपूरचें आकाशवाणी केंद्र तेव्हां सुरू झालें. गीतरामायणाचीं ५६ गीतें १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणें केंद्रावरून प्रक्षेपित झालीं व त्यांचे शब्द वर्तमानपत्रांतून छापून येत. एखाद्या वहींत त्यांचा शब्द चुकला असेल तर तो कानानें घेतला कीं कागदावरून, हें त्या चुकीच्या जातीवरूनच ओळखतां येतें.

याच जिल्ह्यांत अशा संग्रहाचा एक सर्वपरिचित मुद्रित नमुना आहे, तो म्हणजे आश्रमभजनावली. तिचे संकलक नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनीं हें कार्य साबरमतीस केलें. १९३८ सालीं हरिपुरा येथें त्यांचा अंत झाला. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्माजींनीं यांतील भजनांचें इंग्रजी भाषांतर केलें, तें मीराबेन यांच्यासाठीं. म्हणजे आपणांस प्रिय तें जिवलगास कळावें एवढ्याचसाठीं. पुढें सेवाग्रामीं प्रार्थनेंत एकेक भर पडत गेली. आश्रमांत राहिलेल्या एका जपानी बौद्ध भिक्षूचा मंत्र प्रार्थनेच्या आरंभीं आला. जपान युद्धांत उतरल्यावर त्या भिक्षूस सरकारनें नेलें, परंतु मंत्र राहिला. रेहाना तय्यबजी यांच्यामुळें कुराणांतील आयत आली. आगाखान महालांतील स्थानबद्धतेंत डॉ. गिल्डर यांच्या मुखानें ऐकलेली पारशी प्रार्थना आली. येथें प्रत्येक थरावर देणाऱ्याचें नांव आहे. कोणी कोणास काय ऐकविलें, याचीच ती प्रार्थना म्हणजे नोंदवही होय. तींतील मंत्र धर्मवार वेगळे काढून चार ग्रंथांत लाविले तर मंत्र सर्व राहतील, परंतु सेवाग्राम नाहींसें होईल.

आतां आमच्या अपराधाकडे वळतों. आमचे वडील आर्वी तालुक्यांतील एका खेड्यांत राहत. वयाच्या सतराव्या वर्षीं, शके १८६१ मध्यें, त्यांनीं भजनाची वही घातली आणि सुमारें तीस वर्षें ती चालविली. ते स्वतः गात नसत, टाळ धरीत. मंडळींत कोणी नवें पद आणलें कीं तें उतरून घेतल्यावांचून त्यांना झोंप येत नसे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच शिक्षक झालों असतां, ती वही आमच्या हातीं आली. संस्कृताचा अभ्यास ताजा होता, पाठचिकित्सेचा अभिमानहि होता. आम्हीं तींतील पदें कविवार लावलीं, अकारादि क्रमानें सूचि केली, आणि सुवाच्य अक्षरांत नवी प्रत सिद्ध केली. समासांतील टिपणें 'अप्रस्तुत' म्हणून गाळलीं. मूळ वहीस वाळवी लागली होती. दिवाळीच्या झाडलोटींत ती आम्हींच रद्दींत घातली. वडिलांनीं पाहिलें, परंतु ते कांहीं बोलले नाहींत. मुलगा शिकलेला, तो करतो तें योग्यच असेल, असें त्यांस वाटलें असावें.

नव्या प्रतीस वेष्टन हवें म्हणून मूळ वहींतील नऊ पानें आम्हीं वापरलीं होतीं. तीं तेवढीं वांचलीं. सेवानिवृत्तीनंतर वेष्टन सोडून तीं वाचलीं, तेव्हां आम्ही काय केलें हें आम्हांस कळलें.

पहिला धक्का विद्वत्तेस बसला. आमच्या प्रतींत तुकारामबोवांच्या नांवाखालीं एक पद आहे. जुन्या पानावर त्याच पदाच्या कडेस, तें पुलगांवच्या गिरणींतील एका जोडीदाराकडून मिळालें व बोलपटांतील आहे, असें स्वच्छ टिपलेलें आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' या बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचिलेलें तें पद. तें खुद्द तुकोबांचेंच अशी अनेकांची समजूत झाली होती हें प्रसिद्ध आहे. परंतु टाळ धरणाऱ्या एका शेतकऱ्याची ती झाली नव्हती. त्यानें जें खरें लिहून ठेविलें तें पुसून आम्हीं, पाठचिकित्सा शिकलेल्यांनीं, खोटें लिहिलें.

दुसरें पान शके १८६४ चें आहे. श्रावण शुद्ध पंचमीच्या, म्हणजे ता. १६ ऑगस्ट १९४२ च्या नोंदीखालीं गीत नाहीं; त्या दिवशीं भजन झालें नाहीं एवढेंच लिहिलेलें आहे. त्या नागपंचमीस आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोकांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला व दोन्ही बाजूंचीं माणसें पडलीं. त्याच दिवशीं चांदा जिल्ह्यांत चिमूर पेटलें. महिनाअखेर तुकडोजी महाराजांस सरकारनें पकडलें आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविलें. डिसेंबरांत ते सुटले. त्या पानावरील पुढची नोंद मार्गशीर्षांतील आहे. मधले सर्व महिने कोरे. भजन भीतीनें बंद होतें, दुःखानें, कीं सरकारी मनाईनें, हें पुढच्या पानांवरून उलगडलें असतें. तीं आम्हीं घालविलीं. आमच्या सूचींत मात्र या पानाचा उल्लेखच नाहीं, कारण त्यावर कवि नाहीं. एका गांवानें चार महिने गाणें थांबविलें, ही गोष्ट अकारादि क्रमांत कोठें लावावी?

अशा नोंदींचें मोल आख्यायिकांच्या परीक्षेंतहि दिसून येतें. १९३६ सालीं तुकडोजी महाराज महात्माजींच्या निमंत्रणावरून सेगांवीं राहिले होते. त्यांचें भजन ऐकून महात्माजी आपलें मौन विसरले व पुनः म्हणण्यास बोलले, असें भक्त सांगतात. महात्माजींच्या मौनाचा वार सोमवार. त्या भजनाची नुसती तिथि एखाद्या श्रोत्यानें लिहून ठेविली असेल, तर पंचांग उघडतांच कथेची परीक्षा होईल. असें एक टिपण शंभर प्रशंसापर चरित्रांहून संशोधकास अधिक उपयोगी.

पुढें ध्वनिमुद्रिका आल्या, रेडिओ आला, कॅसेटी आल्या, आणि आतां सर्व गाणें खिशांतल्या यंत्रांत आहे. म्हणून वहीचें काम संपलें असें म्हणतात. गीत जपण्याचें काम संपलें असेलहि. परंतु मुद्रिका गाणाऱ्याचा आवाज राखते. ऐकणारा कोण होता, त्यानें तें कोणाकडून घेतलें व कोणास दिलें, हें ती सांगत नाहीं. कॅसेटीच्या पेटींतील कागदावर कोणी पेन्सिलीनें गांव व तिथि लिहिली असेल तर तीहि आमच्या मतें वहीचेंच पान होय.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती इतकीच. वही मिळाल्यास ती उसवूं नये व पदांचा क्रम बदलूं नये. क्रम हाच तिचा कालानुक्रम असतो. समासांतील टिपणें, उधारीचे आंकडे, औषधें, कोरीं पानें, यांसह तिची छायाप्रत घ्यावी. कविवार सूचि अवश्य करावी, परंतु ती वेगळ्या कागदावर. आणि लिहिणारा किंवा त्याचें कोणी हयात असेल तर त्याच्यापाशीं बसून एकदां ती वाचावी. आमच्या वडिलांस आम्हीं प्रत्येक पदाचा कवि विचारला. तें त्यांनीं कोठें ऐकलें हें एकदांहि विचारलें नाहीं. तीं नऊ पानें आतां सुवाच्य प्रतीच्या बाहेर नव्हे, आंत ठेविलीं आहेत.