मनगटाची नाडी आणि हृदयाची वाट

वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटें टेकवून जिची गति पाहतो, ती रोहिणी अंगठ्याच्या बाजूनें तळहाताकडे जाते. तिचा पोकळ व्यास जेमतेम दोन-अडीच मिलीमीटर. आज याच अरुंद वाटेनें हृदयापर्यंत नळी नेतात. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यांतला शेतकरी किंवा आंधळगांवचा कोसा विणणारा विणकर छातींत कळ येऊन सुमारें ६० किलोमीटरांवरील नागपुरास नेला, तर पुष्कळदां त्याच्या जांघेंत नव्हे, मनगटांतच सुई जाते. रोवणीला आणि मागाला जो हात लागतो, तोच हात असा डॉक्टरच्या स्वाधीन होतो. म्हणून त्यांतली नाडी पुढें वाहती राहते कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

हृदयांत नळी घालण्याचें साहस प्रथम वर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरानें सन १९२९ मध्यें स्वतःच्याच देहावर केलें. कोपराजवळच्या नीलेतून त्यानें नळी सरकवली, आणि तशाच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचें टोंक हृदयांत पोंचल्याचें चित्र घेतलें. त्याबद्दल १९५६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. सत्तावीस वर्षें जगाला त्याची किंमत कळायला लागलीं! स्वीडनमध्यें स्टिग राडनर यानें १९४८ सालीं मनगटावर छेद घेऊन रोहिणींतून नळी नेली होती. पण त्या काळच्या जाड नळ्यांना ही वाट मानवणारी नव्हती. पुढें अमेरिकेंत मेसन सोन्स यानें १९५८ पासून कोपराच्या रोहिणीचा मार्ग धरला. १९७७ मध्यें झुरिचला आंद्रेयास ग्रुंटझिग यानें फुग्यानें हृदयरोहिणी रुंद केली, तेव्हां वाट जांघेची होती. जांघेची रोहिणी मोठी खरी. पण ती खोल असते, रक्त वाहूं लागलें तर दाबून धरणें अवघड, आणि रोग्याला तासन् तास उताणें निजावें लागे.

मॉन्ट्रिऑलच्या ल्युसियें कांपो यानें १९८९ सालीं शंभर रोग्यांची तपासणी मनगटांतून केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १९९२ मध्यें ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनेय यानें त्याच वाटेनें अँजिओप्लास्टी केली. रक्तस्राव एकदम घटला. सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मॅट्रिक्स या मोठ्या पाहणींत ८,४०४ रोगी होते, आणि तींतही मनगटाच्या बाजूनें कौल पडला.

परंतु सोय मिळाली तिची किंमत रोहिणीला द्यावी लागली. नळीच्या घर्षणानें आंतील अस्तर खरवडतें, रोहिणी आकसते, आणि त्या जागीं रक्त गोठून कधीं कधीं वाट बंद होते. बहुतेकांच्या हाताला लगेच कांहीं होत नाहीं, कारण करंगळीच्या बाजूची दुसरी रोहिणी तळहात पोसते. म्हणूनच हें नुकसान पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षांत आलें नाहीं. मात्र तीच वाट पुन्हां लागली, किंवा बायपाससाठीं वा डायालिसिससाठीं ती रोहिणी हवी झाली, म्हणजे उणीव कळते.

उपाय एकेक करून सांपडत गेले. पॅरिसच्या क्रिश्चन स्पोल्डिंग यानें १९९६ सालीं दाखविलें कीं, हेपॅरिन न दिल्यास शंभरांतील सुमारें ७१ जणांची रोहिणी बंद पडे, आणि ५,००० युनिट दिल्यास फक्त ४ जणांची. इतका मोठा फरक एका साध्या औषधानें पडावा, हें विलक्षणच. जपानचा सैतो यानें १९९९ मध्यें मापाचा हिशेब मांडला: शीथ म्हणजे बाहेरची नळी रोहिणीच्या पोकळीहून जाड असेल, तर प्रवाह खुंटण्याचें प्रमाण शेंकडा १३, बारीक असेल तर ४. तेव्हांपासून नळ्या बारीक आणि त्यांवरील लेप अधिक निसरडा करण्याची स्पर्धा चालूं झाली. आकस टाळण्यास रोहिणींतच औषध सोडतात, आणि सुई चुकूं नये म्हणून कांहीं ठिकाणीं सोनोग्राफीचा आधार घेतात.

सर्वांत नाजूक गोष्ट मात्र शेवटची. नळी काढल्यावर रक्त थांबावें म्हणून पूर्वी पट्टी अशी आवळीत कीं, नाडीच लागूं नये. सन २००८ मध्यें डॉ. समीर पांचोली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्यांत अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल होते, ४३६ रोग्यांवर उलट प्रयोग केला: पट्टी इतकीच आवळायची कीं रक्त बाहेर येऊं नये, पण आंत वाहतें राहावें. दुसऱ्या दिवशीं बंद रोहिणी शेंकडा १२ वरून ५ वर आली, आणि महिन्यानंतर ७ वरून १.८ वर. यासाठीं नवें यंत्र नको. परिचारिकेनें करंगळीकडील रोहिणी बोटानें दाबावी, अंगठ्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवर लहरी दिसतात का तें पाहावें, आणि दिसत नसतील तर पट्टी थोडी सैल करावी.