बालपरवेशीचं कूळ

प्रतापगडची लढाई आपण वाघनखांपाशी संपवतो. सभासद तिथे थांबत नाही. लढाईनंतर शिवाजी महाराजांनी काय केलं, तेही तो आपल्या बखरीत नोंदवतो. कामास आलेल्यांच्या मुलांचं पुढे चालवलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं. जखमींना माणूस पाहून, जखम पाहून 25 होनांपासून 200 होनांपर्यंत रकमा दिल्या. 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या लढाईचा इतका माणुसकीचा हिशेब शाळेच्या पुस्तकात का नसावा, याची मला खंत वाटते.

या चालीला मराठी दप्तरांत नाव आहे ‘बालपरवेशी’. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोराबाळांसाठी सरकारातून चालणारी नेमणूक, असा तिचा अर्थ. परवेशी हे फारसी ‘परवरिश’चं मराठी रूप. मग चालही सुलतानांच्या दरबारातून आली असणार, असं मानणं सोपं जातं. मला ते पटत नाही. या चालीचं कूळ दगडात आहे, आणि तो दगड फारसी भाषा दख्खनेत येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

बंगळुरूच्या दक्षिणेला बेगूर नावाचं गाव आहे. तिथला इसवी सन 890 च्या सुमाराचा एक वीरगळ आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात ठेवला आहे. त्यावर लढाईची गर्दी कोरली आहे आणि सोबत कानडी लेख आहे. गंग राजांचा नागत्तर नावाचा सरदार तुंबेपाडीच्या लढाईत पडला. हे कळल्यावर गंग राजा एरेयप्पाने इरुग नावाच्या माणसाला नागत्तराचं पद दिलं आणि बेंपूर म्हणजेच बेगूरसह बारा गावं ‘कळनाड’, म्हणजे वीरासाठीचं दान, म्हणून तोडून दिली. बाराही गावांची नावं दगडावर आहेत. वीरगळ म्हणजे स्मारक, एवढंच आपण ऐकत आलो. बेगूरचा दगड स्मारक तर आहेच, शिवाय सनदही आहे.

आणि हा एकटाच दगड नाही. गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना जो मेला, त्याच्या घरच्यांना दिलेल्या जमिनीला कानडी लेखांत ‘नेत्तरु कोडगे’ म्हणतात. नेत्तरु म्हणजे रक्त, कोडगे म्हणजे दान. जिवंत परतलेल्या योद्ध्याची तलवार धुऊन जे इनाम द्यायचं, ते ‘बाळ्गळ्चु’. शके 872 च्या आतकूरच्या लेखात तेही सापडतं. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या बाजूने लढलेल्या मणलेराला गंग राजा बूतुगाने गावं दिली. मणलेराने कृष्णराजाकडून मागून घेतलेला काळी नावाचा कुत्रा पुढे रानडुकराशी झुंजताना मेला, तर त्याच्या पूजेसाठीही जमीन लावून दिली. कुत्र्याच्या नावाने शेत लावून देणारा समाज शिपायाच्या पोरांना वाऱ्यावर सोडत नव्हता, हे मला त्या लेखातलं सर्वांत बोलकं वाटतं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा वडील शहाजीराजे लहान होते. निजामशहाने मालोजींची जहागीर शहाजीराजांच्या नावे चालू ठेवली आणि चुलते विठोजीराजे कारभार पाहू लागले, असं परंपरा सांगते. म्हणजे महाराजांच्या घरातच सुलतानी बालपरवेशीचं उदाहरण होतं. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण ही सोय सरदाराची. जहागिरीमागे फौज होती आणि ती फौज दरबाराला हवी होती. प्रतापगडानंतर निम्मं वेतन मिळालं ते साध्या मावळ्याच्या बायकोला. तिच्याकडून सरकारला परत काहीच मिळायचं नव्हतं. गुरांसाठी मेलेल्या गावकऱ्याच्या घरी रक्ताचं दान पोचत होतं, त्याच्याशी याचं नातं अधिक जवळचं आहे.

एक फरक उरतो. गंगांनी जमीन दिली, महाराजांनी रोकड. याचं कारण मला अवघड वाटत नाही. सैन्याला जहागीर न देता रोख वेतन द्यायचं, हे त्यांचं धोरणच होतं आणि इनाम जमिनींनी राज्य पोखरतं हा इशारा पुढे आज्ञापत्रानेही दिला. चाल तीच ठेवली, फक्त तिच्यातून जमीन काढून घेतली. पेशवाईत इनामं पुन्हा फोफावली.

दुवा कच्चा आहे तो मधला. कर्नाटकातले लेख बोलतात, पण आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगांसकट लढाऊ नौका कोरल्या आहेत, तरी लढाई कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथे मी चंद्र-सूर्याकडे बोट दाखवतो. वीरगळाचे कप्पे खालून वर वाचायचे असतात: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्याजवळ चंद्र आणि सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ लावतात. पण हीच जोडी गधेगाळीवर असते, आणि गधेगाळ हा दानाचा दगड आहे. चंद्र-सूर्य असेतो हे दान मोडू नये, असं तिथे ती बजावते. वीरगळावरही ती कीर्तीसोबत कुटुंबाला दिलेल्या जमिनीची ग्वाही देत असावी, असं मला वाटतं.

या चालीचा पुढचा प्रवास सर्वांच्या माहितीचा. 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि नंतर खडकीला आलेली क्वीन मेरीज संस्था जायबंदी जवानांना हातचा धंदा शिकवते, खडकीलाच 1974 पासून पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, आणि 1949 पासून दर 7 डिसेंबरला आपण ध्वजदिन निधीला हातभार लावतो.

तुमच्या गावच्या मारुतीच्या पारावर किंवा वेशीपाशी वीरगळ असेल, तर त्याला ऑइलपेंट फासू देऊ नका. दोन कप्प्यांमधली आडवी पट्टी तिरप्या उजेडात नीट पाहा. अक्षरं बहुधा तिथेच असतात. दिसली तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला कळवा.