जालन्याचा मोंढा

मराठवाड्यातील एक प्रमुख घाऊक धान्यबाजार व जालना जिल्ह्याच्या अन्नपुरवठ्याचे मुख्य केंद्र. कुंडलिकेकाठचे जालना निजामी अंमलातच व्यापारी पेठ म्हणून नावारूपास आले होते. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग येथून गेल्यावर आसमंतातील कापूस, गळिताची धान्ये व कडधान्ये यांना दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीचा परतूर हे तालुके मिळून 1 मे 1981 रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, तो या पेठेचा लौकिक स्थिरावल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

सुगीत आडत्याच्या दुकानापुढे तुरीची रास पडली म्हणजे खरीददार ओंजळभर दाणे घेऊन फुंकर मारतो, एखादा दाताखाली फोडून ओल अजमावतो आणि मगच बोली बोलतो. त्यानंतर मापाडी तोल करतो, हमाल बारदाना शिवतात व हिशेबपट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. हीच तूर डाळमिलमधून भरडून निघाली की घाऊक व्यापाऱ्यामार्फत मंठा-घनसावंगीकडील किराणा दुकानांत पोहोचते. खेड्यातला दुकानदार यादी धाडून माल उचलतो, गिऱ्हाइकांस उधारीवर देतो आणि कापूस-सोयाबीनचा पैसा गावात आला म्हणजे वसूल करतो. सडक व मालमोटारी यांच्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, ही उधारीच साऱ्या व्यवहाराला तोलून धरते. तिच्यातील चढ्या भावाची झळ मात्र रोख देऊ न शकणाऱ्यालाच बसते.

सरकारी धान्याची वाट निराळी आहे. अन्न महामंडळाच्या कोठारांतून तालुक्याच्या शासकीय गोदामात व तेथून द्वारपोच योजनेने रास्त भाव दुकानात ते येते; 2013 च्या कायद्यान्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून त्याचे मोल घेतले जात नाही. हे धान्य मुख्यतः गहू-तांदूळच. भाकरी खाणाऱ्या या मुलखाची ज्वारी-बाजरी त्यात क्वचितच असते.

मोसंबीचा प्रवाह याच्या उलट, बाहेरच्या दिशेने. जालन्याच्या मोसंबीस 2016 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले; तिचे उत्तम फळ दिल्लीकडे रवाना होते आणि प्रतवारीत न बसलेला बारीक माल गावातल्या रसवाल्यांकडे जातो.