व्यायामशाळेतील बंधुभाव : वाय.एम.सी.ए.च्या इतिहासातील एक विसंगती

६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स व कापडदुकानांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन स्थापन केली, तेव्हा प्रार्थना व बायबलचा अभ्यास हेच तिचे मुख्य कार्य होते. व्यायामशाळा नंतर आल्या. तरुणांना प्रार्थनेकडे वळविण्याचे एक निमित्त, एवढेच त्यांचे प्रयोजन अनेकांना वाटे. अमेरिकेत ल्यूथर गुलिक यांनी शरीर, मन व आत्मा यांचा त्रिकोण मांडून व्यायामाला उपासनेच्या पंक्तीत बसविले.

त्यांच्याच सूचनेवरून स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षणशाळेत १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलची रचना केली. त्याच्या मूळ १३ नियमांत चेंडू घेऊन धावणे, प्रतिस्पर्ध्यास धरणे वा ढकलणे निषिद्ध होते. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले. पण त्यांनी संयमाचा उपदेश न करता तो खेळाच्या नियमांतच गोवला. प्रस्तुत लेखकास हे कोणत्याही प्रवचनाहून प्रभावी वाटते.

मात्र या बंधुभावाला वर्णाचे कुंपण होते. अँथनी बोवेन यांना १८५३ मध्ये वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र शाखा काढावी लागली. अमेरिकेतील राष्ट्रीय परिषदेने वर्णभेद संपविण्याचा ठराव केला तो थेट १९४६ मध्ये. तोवर प्रार्थना तीच, खेळ तोच; अनेक शहरांत व्यायामशाळा मात्र दोन.