पहिल्या सोमवारची प्रार्थना

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गावातल्या बहुतेक मुसलमान घरांतला एखादा तरी पुरुष जहाजावर असायचा. माझे मामूही मालवाहू जहाजावर होते. मगरिबची नमाज झाली की आई मुसल्ल्यावरच बसून राहायची, पदर पसरायची आणि दर्यावरच्या भावासाठी दुआ मागायची. मामूंचे पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत. पत्रात ते ज्या बंदराचे नाव लिहीत, तिथून जहाज केव्हाच पुढे गेलेले असे. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. आई मात्र ते जुने नाव घेऊनच दुआ मागायची.

एका पावसाळ्यात मामू परमुलखातल्या एका बंदरात तापाने गेले. तार मुंबईला आली. पण आमच्याकडचा रस्ता पुराने बंद होता. बातमी गावात पोचली ती दहाव्या दिवशी. म्हणजे दहा संध्याकाळी आई गेलेल्या भावाच्या प्रकृतीसाठी दुआ मागत होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. न राहवून मी तिला विचारले, "आई, मग ते दहा दिवस फुकट गेले?" तिने काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. कारण पुढे बऱ्याच वर्षांनी हाच प्रश्न मला एका वेगळ्याच ठिकाणी भेटला, मराठी छपाईच्या इतिहासात!

कवितेचा नाद लागला तसे मला वाटू लागले की, आपली कविता ज्या अक्षरांत छापली जाते ती शिशाची अक्षरे आली कुठून, हे पाहावे. माग काढत गेलो तो थेट अमेरिकेतल्या एका गवताच्या गंजीपाशी पोचलो.

साल १८०६, महिना ऑगस्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यमस्टाऊन गावी विल्यम्स कॉलेज होते. तिथले पाच विद्यार्थी जवळच्या कुरणात प्रार्थनेसाठी जमले होते. आभाळ भरून आले, विजा कडाडू लागल्या. पाचही जण गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. कॉलेजात आशिया खंडाचा भूगोल शिकत होते, त्यामुळे बोलणे आशियावर आले. सॅम्युअल मिल्स नावाच्या तरुणाने विषय काढला की, येशूचा संदेश घेऊन आपणच तिथे का जाऊ नये? हार्वी लूमिस नावाच्या सोबत्याला ते पटले नाही. आधी तिकडे सुधारणा पोचू द्या, धर्मप्रचारक नंतर पाठवा, असे त्याचे म्हणणे. वाद झाला आणि मग प्रार्थना झाली. त्या कुरणात पुढे १८६७ साली संगमरवरी स्मारक उभारले गेले.

पोरसवदा मुलांची ही प्रार्थना वादळ ओसरल्यावर विरून जायला हवी होती. तसे झाले नाही. चार वर्षांनी, १८१० साली, मिल्स आणि त्याचे सोबती ब्रॅडफर्ड गावी भरलेल्या धर्मसभेपुढे अर्ज घेऊन उभे राहिले. अर्जावर सहा नावे होती. इतक्यांचा खर्च ऐकून वडीलधारी मंडळी दचकतील म्हणून त्यांतली दोन नावे आयत्या वेळी कमी केली! त्या अर्जातून परदेशी मिशनांसाठी 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था जन्माला आली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये ॲडोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले.

गंजीखालचा मिल्स मात्र हिंदुस्थानात कधीच पोचला नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ साली तो समुद्रावरच वारला.

जे निघाले त्यांची प्रार्थनाही सहजासहजी फळली म्हणता येत नाही. कलकत्त्यात पाय ठेवताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चालते व्हायला सांगितले. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले, त्यामुळे हे पाहुणे आता शत्रूराष्ट्राचे ठरले. जडसन पती-पत्नी आणि राइस बाप्टिस्ट झाले. जडसन ब्रह्मदेशाकडे वळले. न्यूएलची तरुण पत्नी हॅरिएट हिला मॉरिशसच्या वाटेवर, भर समुद्रात मूल झाले आणि ते समुद्रावरच गेले. मागोमाग ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर तीही गेली. तिचे वय होते १९.

हॉल आणि नॉट कसेबसे निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. तिथेही हद्दपारीचा हुकूम वाट पाहत होता. गुपचूप कोचीनपर्यंत पळाले, तर तिथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने सहानुभूतीचे होते. हॉलने त्यांना कळकळीची पत्रे लिहिली. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना दार किलकिले केले आणि ही माणसे मुंबईत राहिली. मराठी मुलखात काम करणारे 'अमेरिकन मराठी मिशन' ते हेच.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. ही माणसे आपल्यासाठी प्रार्थना करत होती, हे खरे. पण त्या प्रार्थनेत आपण कोण होतो? अंधारात चाचपडणारे लोक! माझ्या पणजोबांचा कलमा आणि शेजारच्या भटजींची संध्या, दोन्ही त्यांच्या लेखी सारखीच वाया गेलेली. आम्ही आमचे आम्ही राहू नये, हेच ते देवाजवळ मागत होते. हे वाचताना मला बोचले, आजही बोचते. दुसऱ्याच्या भल्याची दुआ मागताना त्याचे भले कशात, हेही आपणच ठरवून टाकायचे, हा दोष सगळ्याच धर्मांच्या माणसांत आहे. आमच्यातही आहे.

पण इतिहास पुढे बघावा तर मौज अशी की, त्यांनी जे मागितले ते जवळजवळ मिळालेच नाही. तेरा वर्षे हॉलने मुंबईच्या रस्त्यांवर आणि देवळांच्या आवारांत उपदेश केला. धर्मांतर केलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली परत गेला. विधुर न्यूएल पुढे मुंबईत येऊन कामाला लागला, तो १८२१ साली पटकीने गेला.

मिळाले ते वेगळेच. लोकांशी बोलायचे म्हणून हॉल मराठी शिकला. मुलांनी वाचावे म्हणून शाळा निघाल्या. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा निघाली. १८२७ साली सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका आली आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तिने आयुष्य घालवले. तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढताना ती त्यांच्या मनात होती.

आणि छापखाना. १८१६ साली होरॅशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी आला आणि १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. बायबलसाठी मांडलेल्या त्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली स्वतःच्या छापखान्यात काय छापावे? पंचांग! याच मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे काम शिकलेले जावजी दादाजी पुढे 'निर्णयसागर'चे मालक झाले आणि त्यांनी संस्कृत ग्रंथ असे छापले की, काशीच्या पंडितांनी डोक्याला लावावेत. गंजीखालच्या मुलांना हे कुणी सांगितले असते तर त्यांना आनंद झाला असता की ते कपाळाला हात लावून बसले असते, मला ठाऊक नाही. मला मात्र त्याच अक्षरांच्या वाटेने माझ्या कवितेपर्यंत येता आले. पूर्वजांचा धर्म संपावा म्हणून मागितलेल्या दुआचा हा प्रसाद आहे. तो नाकारावा कसा, आणि बोचणी न ठेवता घ्यावा तरी कसा, या पेचात मी बरीच वर्षे होतो.

त्यातून मला सोडवले ते हॉलच्या मृत्यूने. मार्च १८२६. हॉलची पत्नी दोन मुलांना घेऊन आदल्या वर्षी अमेरिकेला गेली होती. हॉल एकटाच, दोन ख्रिस्ती तरुणांना बरोबर घेऊन नाशिककडे निघाला. उपदेश करावा, पुस्तके वाटावीत, हा बेत. नाशिकला पोचला तर गावात पटकीने थैमान घातलेले. जवळची औषधे तो वाटत सुटला. औषधे संपत आली तेव्हा परत फिरला. वाटेत रात्री एका देवळाच्या ओसरीवर पथारी टाकली. पहाटे निघायच्या तयारीत असतानाच पटकीने त्याला गाठले. २० मार्च १८२६ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला. शवपेटी कुठली असणार! त्या दोन तरुणांनी त्याला ब्लँकेटात गुंडाळून मातीआड केले, आमच्यात कफनात गुंडाळतात तसे.

ज्या देवळांविरुद्ध तो तेरा वर्षे बोलला, त्यांतल्याच एकाने त्याला शेवटचा आसरा दिला. आणि ज्यांना धर्म द्यायला तो गेला, त्यांच्या हातावर शेवटी त्याने औषधच ठेवले.

आता तो प्रश्न. अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्या काळी महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनांसाठी सामुदायिक प्रार्थना होत असे. दूरदेशी गेलेल्यांची पत्रे वाचायची आणि त्यांच्यासाठी देवाला आळवायचे. पण मुंबईचे पत्र अमेरिकेला पोचायला चार-पाच महिने लागत. म्हणजे एप्रिलचा पहिला सोमवार, मेचा, जूनचा... हॉलच्या आयुष्यासाठी माणसे गुडघे टेकून प्रार्थना करत असतील आणि हॉल नाशिकच्या वाटेवर केव्हाच मातीखाली असेल. त्या मंडळींत त्याची पत्नीही बसत असेल. ते सोमवार फुकट गेले का?

आम्हा कोकणी मुसलमानांत, शाफई पंथात, दूरदेशी मेलेल्यासाठी गायबाना नमाज पढतात. मय्यत समोर नसते, तरी जनाज्याची नमाज होते. मामूंसाठी आमच्या मशिदीत तशीच झाली. ही रीत कुठून आली? हबश देशाचा ख्रिस्ती राजा नजाशी याने मक्केतून छळाला कंटाळून आलेल्या मुसलमानांना आसरा दिला होता. त्याने मनोमन इस्लाम स्वीकारला होता, असे आमची परंपरा सांगते. तो वारल्याचे कळले तेव्हा प्रेषितांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढली. समुद्रापलीकडच्या माणसासाठी हात पसरायची आमची रीत त्या राजापासून चालत आली आहे.

आईने त्या दिवशी मला उत्तर दिले होते. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "फुकट कसे जातील रे? मामू आजारी पडला तेव्हा कुणीतरी परक्या माणसाने त्याला पाणी दिलंच असेल ना? माझी दुआ त्याला लागेल."

प्रार्थनेच्या बळाबद्दल मी पुष्कळ वाचले, पण याच्या पुढे मला जाता आलेले नाही. त्या पहिल्या सोमवारच्या प्रार्थना हॉलपर्यंत पोचल्या नाहीत. मग त्या कुणाला लागल्या असतील? परक्या मुलखात त्याच्यासाठी खड्डा खणणाऱ्या त्या दोन पोरांना. नाशिकात त्याच्या औषधाने कुणी वाचले असेल तर त्याला. नगरच्या शाळेत पाटी धरून बसलेल्या मुलीला. आणि त्यांच्या लेखी अंधारातल्या घरांत जन्मून मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या माझ्यासारख्यालाही.

आई आता नाही. नाशिककडे जाणे झाले की मी गाडीच्या खिडकीतून वाटेवरच्या देवळांच्या ओसऱ्या पाहत जातो. हॉलची ओसरी त्यांतली कुठली, ते कळत नाही. तरी मनातल्या मनात हात पसरतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)